कोंबडा अंगावर येतो तेव्हा

(आपण ज्याला लहानाचा मोठा केला, तोच कोंबडा एके दिवशी माणसांच्या अंगावर धावू लागतो. तो असे का करतो? अशा वेळी आपण काय करावे आणि काय करू नये? मुक्या प्राण्याचे वागणे नीट पाहिले, की त्याची भाषा हळूहळू कळू लागते. ही भाषा कशी वाचावी, हे या पाठात सांगितले आहे.)

विद्यार्थी मित्रांनो, पहाटे फजरच्या अजानीच्या सुमारास तुम्ही कोंबड्याची बांग ऐकली असेलच. 'मुर्गा बांग देता है' असे आपण उर्दूत म्हणतो. मराठीतही कोंबडा बांग देतो. पण त्यासाठी मराठीत आणखी एक छान शब्द आहे, तो म्हणजे आरवणे. कोंबडा आरवला, की गाव जागे होते.

कोकणातील वाडी असो, मराठवाड्यातील खेडे असो किंवा मालेगाव-भिवंडीसारख्या शहरातील गल्ली असो, दारात चार कोंबड्या आणि एक कोंबडा हे दृश्य आपल्या ओळखीचे आहे. कोंबडी अंडी देते, म्हणून तिचे कौतुक होते. कोंबड्याकडे मात्र कोणी फारसे पाहत नाही. तो अंगावर येऊ लागला, की मगच सगळ्यांचे लक्ष त्याच्याकडे जाते.

समजा, तुमच्या घरी असाच एक कोंबडा आहे. आपण त्याचे नाव 'सुलतान' ठेवू. तो पिल्लू होता, तेव्हा तुम्ही त्याला तळहातावर घेऊन दाणे भरवलेत. तो तुमच्या खांद्यावर बसायचा. तुम्ही अभ्यास करत असाल तर वहीवर येऊन झोपायचा. आता तो सहा महिन्यांचा झाला आहे. तुरा लालभडक, शेपटीची पिसे काळी-हिरवी आणि चाल तर मोठी ऐटबाज! आज सकाळी मात्र भलतेच घडले. अंगणात खेळणाऱ्या तुमच्या तीन वर्षांच्या बहिणीवर त्याने झेप घेतली. तिच्या गालावर, डोळ्यापासून बोटभर अंतरावर, ओरखडा उठला. अम्मी घाबरून गेल्या. दादींनी लगेच निकाल दिला, "शुक्रवारी याचे सालन करा." तुम्ही रडवेले होऊन म्हणालात, "दादी, मला एक महिना द्या." दादींनी थोडा विचार केला आणि त्या म्हणाल्या, "बरे, दिला एक महिना. पण तोवर धाकटी अंगणात एकटी दिसता कामा नये."

मुलांनो, दादींचे दुसरे वाक्य फार महत्त्वाचे आहे. ते लक्षात ठेवा. आता प्रश्न असा, की हा महिना तुम्ही कसा वापराल?

सर्वांत आधी सुलतान असे का वागला, ते समजून घेऊ. आपल्या घरच्या कोंबड्यांचे पूर्वज म्हणजे आशियातील जंगलांत राहणारे तांबडे रानकोंबडे. ते आजही ईशान्य भारतात आणि थायलंड, म्यानमार या देशांत आढळतात. आपल्या सह्याद्रीत दिसतो तो त्यांचा भाऊबंद, राखी रानकोंबडा. जंगलात कोल्हा, रानमांजर, ससाणा असे शत्रू पदोपदी असतात. कोंबड्या माती उकरून दाणे, किडे टिपत असतात, तेव्हा कोंबडा मान उंच करून चौफेर पाहत राहतो. आकाशात शिकारी पक्षी दिसला, तर तो एक प्रकारचा आवाज काढतो. जमिनीवरून कुत्रे किंवा मांजर येत असेल, तर दुसऱ्याच प्रकारचा कलकलाट करतो. पहिला आवाज ऐकताच कोंबड्या झुडपाखाली दडतात किंवा जागीच दबून बसतात. दुसरा आवाज ऐकताच त्या माना उंच करून सावध होतात. चांगला दाणा सापडला, तर कोंबडा बहुधा तो एकटाच खात नाही. 'टुक टुक टुक' असा आवाज काढून कोंबड्यांना बोलावतो आणि दाणा त्यांच्यापुढे टाकतो. म्हणजे कोंबडा हा आपल्या कळपाचा पहारेकरी आहे. पहारेकऱ्याला राग येणे हा त्याच्या कामाचाच एक भाग आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे कळपातील मानाची. नॉर्वे देशात थोरलाइफ शेल्डरुप-एब्बे नावाचे एक शास्त्रज्ञ होऊन गेले. त्यांना लहानपणापासून कोंबड्या पाहण्याचा नाद होता. कोणती कोंबडी कोणत्या कोंबडीला टोचते, याची नोंद ते वहीत करून ठेवत. पुढे १९२१ साली त्यांनी आपल्या प्रबंधात असे दाखवून दिले, की कोंबड्यांच्या कळपात एक ठरलेली उतरंड असते. पहिली कोंबडी सर्वांना टोचते, दुसरी पहिलीला सोडून बाकीच्यांना टोचते आणि शेवटची बिचारी सर्वांकडून टोचून घेते. पाहिलेत ना? अंगणात बसून वहीत केलेल्या नोंदींतूनही मोठे शास्त्र जन्माला येते!

कोंबड्यांमध्येही अशीच उतरंड असते. जपानमधील नागोया विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी २०१३ साली दाखवले, की कोंबड्याच्या शरीरात एक आतले घड्याळ असते. अंधुक उजेडात कोंडून ठेवले, तरी तो पहाटेच्या वेळी आरवतो. त्याच शास्त्रज्ञांना २०१५ साली आणखी एक गंमत आढळली. अनेक कोंबडे एकत्र असतील, तर पहिली बांग वरच्या मानाचा कोंबडा देतो आणि बाकीचे त्याच्या मागून मानाच्या क्रमाने आरवतात. 'कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही,' अशी म्हण मराठीत आहे. कोंबडा डालग्याखाली झाकला, तरी सूर्य उगवायचा तो उगवतोच. नागोयाच्या शास्त्रज्ञांनी त्यात एवढीच भर घातली, की झाकलेल्या कोंबड्यालाही पहाट झाल्याचे कळते!

आता सुलतानकडे वळू. तो पाच-सहा महिन्यांचा झाला, म्हणजे वयात आला. त्याच्या अंगात नवे बळ आले. कळपात आपले स्थान कोणते, हे तो पडताळून पाहू लागला. अंगणात वाढलेला कोंबडा माणसाला थोडा बिचकतो आणि दूर राहतो. पण सुलतान तुमच्या तळहातावर, खांद्यावर वाढला. त्याला माणसाची भीती मुळी राहिलीच नाही. तुम्ही त्याला मित्र समजलात. तो मात्र तुम्हांला कळपातील दुसरा कोंबडा समजू लागला. मग मानासाठी त्याने तुमच्याशी आणि तुमच्या बहिणीशी झुंज मांडली. त्यातही बहीण सर्वांत लहान, म्हणजे सर्वांत सोपी! हे दुष्टपणाने घडलेले नाही. पण दुष्टपणा नाही म्हणून धोकाही नाही, असे मात्र समजू नका.

कोंबड्याच्या पायाच्या मागच्या बाजूला शिंगासारखा टणक काटा असतो. वयाबरोबर तो लांब आणि टोकदार होत जातो. कोंबडा उडी मारून दोन्ही पाय पुढे फेकतो आणि या काट्यांनी वार करतो. मोठ्या माणसाच्या पोटरीला जखम होते. तीन वर्षांच्या मुलाचा तर चेहराच त्याच्या उडीच्या टप्प्यात येतो. ऑस्ट्रेलियात एका वृद्ध स्त्रीच्या पायावरील फुगलेल्या शिरेवर कोंबड्याने चोच मारली. रक्त इतके वाहिले, की त्यात ती दगावली. डॉक्टरांनी २०१९ साली या घटनेची नोंद प्रसिद्ध केली. अशा घटना फार क्वचित घडतात, तरी लहान मुले आणि वृद्ध माणसे यांना कोंबड्यापासून का जपायचे, ते यावरून समजते.

कोंबडा न सांगता हल्ला करतो, असे लोक म्हणतात. ते खरे नाही. तो आधी सांगतो. आपल्याला त्याची भाषा वाचता येत नाही, इतकेच. पुढील खुणा नीट पाहा. तो एका जागी थांबतो आणि एका बाजूने तुमच्याकडे रोखून पाहतो. मानेची पिसे फुगवून छत्रीसारखी उभी करतो. एक पंख खाली सोडून तिरक्या चालीने तुमच्याभोवती फिरतो. मध्येच जमिनीवर उगाचच चोच मारतो. दाणा नसतो, तरी टिपल्यासारखे करतो. ही लक्षणे दिसली, की समजावे, 'इथून मागे व्हा, नाहीतर मी येतो,' असे तो म्हणत आहे.

अशा वेळी काय करू नये, ते आधी शिका. पळू नका. तुम्ही पळालात, की तो जिंकला. उद्या तो आणखी लांबून धावत येईल. त्याला लाथ मारू नका, दगड किंवा काठी मारू नका. तुम्ही मारलेत, की तुम्ही झुंज मान्य केली, असा अर्थ तो घेतो. मग तो हरला तरी पुन्हा येतो, आणि दर वेळी अधिक चिडून येतो. शिवाय लाथ बसली तर त्याचे हाड मोडू शकते. मुले खिदळत त्याला खिजवतात आणि तो धावला, की पळतात. हा खेळ तर मुळीच खेळू नका. ज्या कोंबड्याला मुलांनीच पाठलाग करायला शिकवले, त्याला नंतर मुलांनीच दोष द्यावा, हे बरे नव्हे.

मग करावे तरी काय? जागच्या जागी शांत उभे राहा. पाठ फिरवू नका. हातात सूप, घमेले किंवा पाट्यासारखी लाकडी फळी असेल, तर ती पायांसमोर धरा. ती ढाल आहे, हत्यार नव्हे. त्याची झेप ढालीवर बसू द्या. एकदा, दोनदा, तीनदा तो झेप घेईल. तुम्ही हललाही नाहीत आणि मारलेही नाहीत, हे पाहून तो गोंधळेल. मग सावकाश एक पाऊल पुढे टाका, आणखी एक टाका. तो बाजूला सरकला, मान खाली घालून दाणे टिपू लागला, की लगेच थांबा. आता त्याचा पाठलाग करू नका. 'तू वाट सोडलीस, मी तुला सोडले,' हा धडा त्याला यातून मिळतो. ही गोष्ट मोठ्या मुलांनी आणि तीही घरातील मोठे माणूस जवळ असतानाच करावी. पायांत बूट असावेत, अंगात पायघोळ सलवार किंवा पँट असावी. ओढणी नीट खोचून घ्यावी. फडफडणाऱ्या कपड्यावर काही कोंबडे धावून जातात.

आता रोजच्या वागण्याकडे वळू. खरा बदल तिथेच घडतो. रोज ठरावीक वेळी, ठरावीक भांडे वाजवून दाणे टाका. दाणे हातातून भरवू नका. थोड्या अंतरावर पसरून टाका. काही दिवसांनी माणूस आला म्हणजे झुंज नव्हे, दाणे आले, अशी त्याच्या मनाची खूणगाठ बसेल. कोंबडा आणि त्याच्या कोंबड्या यांच्या मधून घाईने जाऊ नका. त्याच्यासमोर कोंबडीला पकडू नका. कोंबडी ओरडली, की पहारेकरी धावणारच! अंडी गोळा करायची असतील किंवा कोंबडी तपासायची असेल, तर आधी कोंबड्याला वेगळे कोंडा. नाहीतर अंधार पडल्यावर ते काम करा. कोंबड्यांना अंधारात फार कमी दिसते, म्हणून त्या वेळी त्या शांत असतात.

काही कामे मात्र मोठ्या माणसांचीच आहेत. संध्याकाळी कोंबडा खुराड्यात बसला, की अब्बा किंवा चाचा त्याला दोन्ही पंख अंगाशी दाबून उचलू शकतात आणि थोडा वेळ काखेत शांत धरून ठेवू शकतात. माणूस आपल्यापेक्षा बलवान आहे, पण तो आपल्याला इजा करत नाही, हे कोंबड्याला अशाने कळते. पायांना धरून त्याला उलटे लटकवू नये. त्याने त्याला त्रास होतो आणि भीती बसते. पायाचा काटा फार टोकदार झाला असेल, तर त्याचे फक्त टोक कानशीने बोथट करता येते. काट्याच्या आत हाड आणि रक्त असते, म्हणून तो मुळापासून कापू नये. हे काम पशुवैद्यांना विचारून करावे.

शांत असलेला कोंबडा एकाएकी चिडका झाला, तर आणखी एक शंका मनात आणावी. त्याला काही दुखत तर नाही ना? पिसांत उवा झाल्या असतील, पायाला जखम झाली असेल. पशुवैद्यकीय दवाखान्यात त्याला दाखवावे. जागाही तपासावी. अंगण लहान, कोंबडे दोन आणि कोंबड्या तीन, अशी स्थिती असेल तर भांडणे होणारच. साधारणपणे आठ-दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा पुरतो. दुसऱ्याला वेगळे ठेवावे.

एवढे करूनही कोणाला जखम झालीच, तर ती लपवू नका. 'घरच्यांना कळले तर कोंबडा जाईल,' या भीतीने काही मुले जखम लपवतात. जखम वाहत्या पाण्याने आणि साबणाने चांगली धुवा. रक्त वाहत असेल, तर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा. कोंबड्याचे पाय मातीत, शेणात असतात. त्यामुळे खोल जखमेतून धनुर्वाताचे जंतू शरीरात जाण्याचा धोका असतो. म्हणून डॉक्टरांकडे जाऊन धनुर्वाताचे इंजेक्शन घेण्याविषयी विचारा. डोळ्याला किंवा डोळ्याजवळ लागले असेल, तर क्षणभरही वाट न पाहता दवाखाना गाठा. जखमेत हळद, चुना, तंबाखू असे काही भरू नका.

मित्रांनो, कोंबड्याच्या रागाची ही झाली निसर्गाची बाजू. या रागाला माणसाचाही हात लागला आहे. भारतातील एक प्रसिद्ध कोंबड्याची जात म्हणजे 'असील'. हा शब्द तुमच्या ओळखीचा आहे ना? अरबीतून उर्दूत आलेल्या 'असील' या शब्दाचा अर्थ खानदानी, शुद्ध वंशाचा. उंच मान, मजबूत पाय, ताठ छाती, असा हा देखणा पक्षी आहे. पण माणसाने पिढ्यान् पिढ्या त्यांतील सर्वांत भांडखोर कोंबडे निवडून त्यांचीच पैदास केली, कारण त्याला कोंबड्यांची झुंज पाहायची होती, तीवर पैसे लावायचे होते. काही ठिकाणी तर कोंबड्याच्या पायाला धारदार पाते बांधतात. २०२१ साली तेलंगणातील जगतियाल जिल्ह्यात असे पाते बांधलेला कोंबडा निसटण्यासाठी धडपडला. पाते त्याच्या मालकालाच लागले आणि रक्तस्रावाने तो मरण पावला. आता सांगा, ते पाते कोणी बांधले होते? कोंबड्याने की माणसाने? करमणुकीसाठी प्राण्यांना झुंजायला लावणे हा आपल्या देशात १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे.

याच गोष्टीची दुसरी बाजू आशेची आहे. भांडखोर कोंबडे निवडून भांडखोर जात तयार होते. तसेच शांत कोंबडे निवडून शांत पिल्ले मिळण्याची शक्यता वाढते. म्हणून जाणती माणसे अंगावर येणाऱ्या कोंबड्याच्या कळपातील अंडी उबवायला ठेवत नाहीत. पुढच्या वेळी पिल्लू वाढवाल, तेव्हा त्याच्यावर प्रेम जरूर करा. पण नर पिल्लाला सतत हातावर, खांद्यावर घेऊ नका. त्याला त्याच्या भावंडांत, कोंबड्यांमध्ये वाढू द्या. कोंबडा असण्याचे धडे त्याला तिथेच मिळतात.

आता महिना संपत आला. तुम्ही शेल्डरुप-एब्बे यांच्याप्रमाणे एक वही केली असेल. 'पहिल्या आठवड्यात सुलतान रोज पाच वेळा अंगावर आला. दुसऱ्या आठवड्यात तीन वेळा. तिसऱ्या आठवड्यात एकदा.' अशी नोंद असेल, तर ती वही दादींना दाखवा. कोंबड्या मोकळ्या सोडण्याची वेळ आणि धाकटीच्या खेळण्याची वेळ वेगळी ठेवू, मध्ये जाळी लावू, असेही सांगा. दादी बहुधा ऐकतील. पण चौथ्या आठवड्यातही तो तसाच झेपावत असेल, तर वहीतील आकडे खोटे लिहू नका. सगळेच कोंबडे सुधारत नाहीत. मग मोठे आवार असलेल्या, घरात लहान मुले नसलेल्या कोणाला तरी तो द्यावा. देताना त्याचा स्वभाव स्पष्ट सांगावा. तेही जमले नाही, तर दादींचा पहिला निकाल तुम्हांला मान्य करावा लागेल. त्यात शिक्षा नाही, सूडही नाही. कोंबड्या पाळणाऱ्या घराला हे ठाऊक असते. तुम्हांला वाईट वाटेल, आणि ते वाटणे योग्यच आहे. पण एका बाजूला कोंबडा आणि दुसऱ्या बाजूला बहिणीचा डोळा असेल, तर काय निवडायचे, यात शंका नसावी.

मुलांनो, उर्दूत 'घर की मुर्गी दाल बराबर' असे म्हणतात. जे घरात असते, त्याची किंमत आपल्याला कळत नाही. दारातला कोंबडा रोज काय सांगतो, हे पाहायला आपण दहा मिनिटेही थांबत नाही आणि तो धावून आला, की काठी शोधतो. उद्या शाळेला निघण्यापूर्वी अंगणात थोडा वेळ शांत उभे राहा. त्याची मान पाहा, पंख पाहा, चाल पाहा. तो कोणाला दाणा देतो आणि कोणाला हुसकावतो, ते पाहा. मग वही उघडा आणि पहिली ओळ लिहा.

शब्दार्थ

आरवणे – कोंबड्याने बांग देणे
तुरा – कोंबड्याच्या डोक्यावरील लाल भाग, कलगी
ऐटबाज – रुबाबदार, शानदार
ओरखडा – नखाने किंवा काट्याने उठलेली रेघ, खराश
ससाणा – एक शिकारी पक्षी, बाज
पहारेकरी – राखण करणारा, चौकीदार
प्रबंध – अभ्यास करून लिहिलेले मोठे लेखन, मकाला
उतरंड – एकावर एक रचलेल्या मडक्यांची रास. येथे अर्थ, मानाचा क्रम
डालगे – कोंबड्या झाकण्याची बांबूची टोपली
खुराडे – कोंबड्यांचे घर, दडबा
झुंज – लढाई, मुकाबला
ढाल – वार अडवण्याचे साधन, सिपर
कानस – धातू किंवा लाकूड घासण्याचे हत्यार, रेती
पैदास – प्राण्यांची वाढवलेली संतती

वाक्प्रचार व अर्थ

अंगावर येणे – हल्ला करणे
खूणगाठ बसणे – मनात पक्के ठरणे
तांबडे फुटणे – पहाट होणे

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) दादींनी सुलतानसाठी किती मुदत दिली?
(आ) घरच्या कोंबड्यांचे पूर्वज कोण?
(इ) 'असील' या शब्दाचा अर्थ काय?
(ई) अंधार पडल्यावर कोंबड्या शांत का असतात?

प्र. २. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) कोंबडा कळपाची राखण कशी करतो?
(आ) हल्ला करण्यापूर्वी कोंबडा कोणत्या खुणा करतो?
(इ) कोंबड्याला लाथ का मारू नये?
(ई) खोल जखम झाल्यास काय करावे?

प्र. ३. कारणे लिहा.
(अ) सुलतानला माणसाची भीती राहिली नाही, कारण...
(आ) कोंबड्याचा काटा मुळापासून कापू नये, कारण...
(इ) काही मुले जखम लपवतात, कारण...

प्र. ४. रिकाम्या जागा भरा.
(अ) कोंबडे झाकले म्हणून ______ फुटायचे राहत नाही.
(आ) ती ______ आहे, हत्यार नव्हे.
(इ) साधारणपणे आठ-दहा कोंबड्यांमागे ______ कोंबडा पुरतो.

प्र. ५. भाषाभ्यास.
उर्दूत दोन लिंगे आहेत. मराठीत तीन आहेत. उदा., तो कोंबडा (पुल्लिंग), ती कोंबडी (स्त्रीलिंग), ते पिल्लू (नपुंसकलिंग). पुढील शब्दांपूर्वी तो, ती किंवा ते लिहा.
तुरा, चोच, पीस, अंगण, जखम, दाणा, खुराडे, ढाल, डालगे

प्र. ६. विचार करा आणि सांगा.
तुमच्या वहीतील नोंदींवरून सुलतान सुधारला नाही, असे दिसले. पण तो तुम्हांला फार आवडतो. दादींनी विचारले, तर तुम्ही काय सांगाल? का?

उपक्रम
तुमच्या घरातील किंवा शेजारच्या एखाद्या पाळीव प्राण्याचे रोज दहा मिनिटे, याप्रमाणे एक आठवडा निरीक्षण करा. तो कोणते आवाज काढतो, कोणाजवळ जातो, कोणाला टाळतो, हे तारखेसह वहीत लिहा आणि वर्गात वाचून दाखवा.